नाताळच्या पाकिटावरचे तिकीट

दिवाळी जवळ आली की घरोघरी शुभेच्छापत्रांची आठवण होते. कुणी ती बाजारातून छापील आणतात. कुणी हौशी मुले पुठ्ठा कापून, त्यावर पणती रेखाटून, चमकी डकवून घरीच तयार करतात. अलीकडे ही हौस बरीचशी फोनच्या पडद्यावरच भागते हे खरे. पण हाताने केलेल्या पत्राचे कौतुक अजून संपलेले नाही. पत्र झाले, पत्ता लिहून झाला, की शेवटी तिकिटाची पाळी येते. त्याचा मात्र आपण फारसा विचार करीत नाही. पोस्टाच्या खिडकीतून जे तिकीट पुढे सरकवले जाईल ते मुकाट्याने घ्यावे, डिंक ओला करावा आणि पाकिटाच्या कोपऱ्यात दाबून टाकावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध.

पाश्चात्त्य देशांत नाताळच्या दिवसांत तसे होत नाही. तिथे स्वतःच्या हाताने नाताळचे कार्ड करणारी माणसे पाकिटावर कोणते तिकीट लावावे याचाही पुष्कळ विचार करतात. मरियम आणि बाळ येशू यांचे लावावे की बर्फाच्या बाहुल्याचे? चर्चला जाणाऱ्या आत्याबाईंना कोणते आणि शेजारच्या छोट्या मुलाला कोणते? वरवर पाहता हा रिकामपणचा उद्योग वाटेल. पण या निवडीमागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. गरिबाला आपल्या माणसाची खुशाली कळावी की नाही, क्षयाने खंगलेल्या पोराला मोकळी हवा आणि दूध मिळावे की नाही, असले प्रश्न त्या इंचभर कागदाला चिकटलेले आहेत.

नाताळच्या गोष्टी दिवाळी अंकात कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे की आपला दिवाळी अंक आणि नाताळ यांचे जुने नाते आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा आदर्श त्यांच्यापुढे होता असे सांगतात. तेव्हा फराळाच्या ताटात हा एक घास परका वाटू नये.

आता थोडे मागे, १८४० पूर्वीच्या इंग्लंडात जाऊ. त्या काळी टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. पत्रात एक कागद असला तर एक दर, दोन असले तर दुप्पट. लंडनहून एडिंबरोला साधे पत्र जायचे तर एक शिलिंगाहून जास्त खर्च. शिवाय हे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. आपल्याकडे 'नॉटपेड' पत्र आले की घरात जी चिडचिड होत असे, ती तिथे प्रत्येक पत्राला होई. पार्लमेंटच्या सभासदांची पत्रे मात्र फुकट जात. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा आणि अधिकार, त्याची पत्रे मोफत. आणि ज्याचा मुलगा पोटासाठी दूर गावी गेलेला, त्या म्हातारीला त्याच्या पत्रापायी चुलीवरचे भांडे रिकामे ठेवावे लागे.

त्या काळची एक गोष्ट कोलरिज या कवीच्या नावावर सांगतात. एका खेड्यात टपालवाल्याने एका बाईच्या हातात पत्र दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि पैसे नाहीत म्हणून परत केले. कोलरिजला दया आली. बाई नको नको म्हणत असतानाही त्याने एक शिलिंग भरून पत्र सोडवून दिले. टपालवाला गेल्यावर बाई म्हणाली की, तुमचे पैसे वाया गेले. आत काहीच लिहिलेले नाही. भावाने ठरावीक दिवसांनी असा कोरा कागद पाठवायचा, तो आला म्हणजे भाऊ खुशाल आहे असे समजायचे आणि पत्र परत करायचे, असा त्या दोघांचा संकेत होता. गोष्टीत हसू आहे. पण हसता हसता घसा दाटून येतो. बहीणभावांना एकमेकांच्या खुशालीसाठी सरकारला फसवावे लागत होते.

रोलंड हिल या गृहस्थांनी ही व्यवस्था मोडली. ते मूळचे शिक्षक. वडिलांनी काढलेल्या शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले होते. लहानपणी त्यांच्या घरीही तंगी असे. टपालवाला दारात आला आणि हातात पैसे नसले तर काय करावे, या भीतीने त्यांची आई धास्तावलेली असे. ती आठवण ते विसरले नाहीत. १८३७ साली त्यांनी एक पुस्तिका लिहून दाखवून दिले की, पत्र लांब नेण्याला फारसा खर्च येतच नाही. खरा खर्च येतो तो हिशेब ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. तेव्हा पैसे आधी घ्यावेत, आणि देशात कोठेही पत्र जावो, अर्ध्या औंसापर्यंत एकच दर असावा : एक पेनी. पैसे भरल्याची खूण म्हणून कागदाचा एक लहानसा तुकडा, मागे डिंक लावलेला. हेच पोस्टाचे तिकीट. ६ मे १८४० पासून ते अंमलात आले. त्यावर तरुण व्हिक्टोरिया राणीचा चेहरा होता आणि रंग काळा होता.

पुढच्याच वर्षी तो रंग बदलून तांबडा झाला. सौंदर्यासाठी म्हणाल तर मुळीच नाही. काळ्या तिकिटावर तांबड्या शाईचा शिक्का मारीत; ती शाई पुसून लोक तेच तिकीट पुन्हा वापरतील अशी खात्याला धास्ती वाटली. म्हणून तिकीट तांबडे आणि शाई काळी केली. तिकिटाचा रंग कोणता असावा हे असे चोरीच्या भीतीने ठरले! पण त्या एका पेनीने केवढी उलथापालथ केली पाहा. १८३९ साली त्या देशात सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० साली तो आकडा १७ कोटींच्या घरात गेला. पत्रांची ही वाढ म्हणजे मनात दाबून ठेवलेले बोलणेच होते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

हे वारे आपल्याकडेही लवकरच आले. पूर्वी साताऱ्यास रेसिडेंट असलेले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले बार्टल फ्रियर यांनी सिंधचे कमिशनर असताना १८५२ साली अर्ध्या आण्याचे 'सिंद डाक' तिकीट काढले. आशियातले ते पहिले. आधी ते लाखेचे तांबडे केले. पण ते तडकू लागले. मग कागदावर पांढरे उठावदार केले, तर ते दिव्याच्या उजेडात दिसेना. शेवटी निळे केले. १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली आणि हलके पत्र अर्ध्या आण्यात कोठेही जाऊ लागले.

रोलंड हिलांच्या चळवळीत एक उत्साही मदतनीस होता, हेन्री कोल. स्वस्त टपालाचा प्रचार करणारे एक पत्र तो चालवीत असे. पुढे लंडनचे १८५१ चे मोठे प्रदर्शन भरवण्यात आणि आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात ते उभारण्यात त्याचा मोठा हात होता. टपाल स्वस्त झाले आणि त्याचा ताप या कोललाही झाला. नाताळात येणाऱ्या पत्रांचा ढीग वाढला आणि प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिणे त्याला जमेना. तेव्हा १८४३ साली त्याने जॉन हॉर्सली या आपल्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतले, ते दगडावर छापून हाताने रंगवले, आणि वर नाव, खाली सही टाकायला जागा ठेवली. जगातले पहिले छापील नाताळ कार्ड ते हेच. डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरोल' ही कथाही त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, हा मोठा गमतीचा योगायोग आहे.

त्या कार्डाच्या मध्यभागी एक कुटुंब मेजवानीला बसले आहे. मात्र डाव्या आणि उजव्या बाजूला दोन छोटी चित्रे आहेत : एकात भुकेल्याला अन्न देत आहेत, दुसऱ्यात उघड्याला वस्त्र. मधल्या चित्रात लहान मुलाच्या ओठाला द्राक्षासवाचा पेला लावलेला दिसतो म्हणून दारूबंदीवाल्यांनी पुष्कळ कोलाहल केला, आणि त्या गडबडीत बाजूच्या दोन चित्रांकडे लोकांचे दुर्लक्ष झाले. वास्तविक ती दोनच चित्रे या कथेत पुढे महत्त्वाची ठरायची होती.

हे कार्ड एक शिलिंगाला एक असे विकले जाई. टपालाला एक पेनी आणि कार्डाला बारा पेन्स! सामान्य माणसाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. त्यामुळे नाताळची कार्डे खऱ्या अर्थाने घरोघरी पोचली ती छपाई स्वस्त झाल्यावर आणि १८७० साली उघड्या पाकिटातून जाणाऱ्या छापील मजकुराला अर्ध्या पेनीचा दर ठरल्यावर. ज्यांना छापील कार्डही परवडत नसे, किंवा ज्यांच्या हाताला स्वस्थ बसवत नसे, अशा घरांतल्या लेकीसुना जाळीदार कागद कापून, वाळवलेली फुले चिकटवून, रंगीत चित्रांचे तुकडे डकवून आपली कार्डे आपणच करीत. त्या काळच्या टपालवाल्यांचा डगला तांबडा असे, म्हणून लोक त्यांना लाडाने 'रॉबिन' म्हणत. त्यावरूनच तांबड्या छातीचा तो चिमुकला पक्षी नाताळच्या कार्डावर येऊन बसला आणि आजतागायत उठलेला नाही. १८८० साली तर टपालखात्याला जनतेला विनंती करावी लागली की, बाबांनो, नाताळची पत्रे जरा लवकर टाका!

कार्ड असे नटले, सजले, पण तिकीट? ते तसेच रुक्ष राहिले. पाकिटात काहीही असो, वर राणीचा तोच चेहरा. पत्र मयताचे असो की लग्नाचे, कर भरल्याची पावती एकच. निवड करायला वावच नव्हता. माणसांनी त्यातूनही वाट काढली. तिकीट सरळ लावले तर एक अर्थ, तिरके लावले तर दुसरा, उलटे लावले तर तिसरा, अशी 'तिकिटांची भाषा' तरुण मंडळींत रूढ झाली. सरकारने दिलेल्या पावतीतूनही मनातले बोलायचे, ही त्या बहीणभावांच्या कोऱ्या कागदाचीच पुढची पिढी म्हणायची.

तिकिटावर नाताळचे नाव प्रथम उमटले ते कॅनडात, १८९८ साली. पण तेही नाताळसाठी नव्हे. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवसापासून ब्रिटिश साम्राज्यातील बऱ्याच देशांमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागणार होते. त्याचे स्मारक म्हणून काढलेल्या दोन सेंटांच्या तिकिटावर जगाचा नकाशा होता आणि साम्राज्याचा मुलूख तांबड्या रंगात दाखवला होता. त्या तांबड्या रंगात आपला हिंदुस्थानही होता. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. हे तिकीट राजपुत्राच्या सन्मानार्थ काढावे असे एका अधिकाऱ्याने राणीला सुचवले. राणीने जरा कडक स्वरात विचारले, कोणत्या राजपुत्राच्या? अधिकारी सावध झाला. शांतीच्या राजपुत्राच्या, म्हणजे येशूच्या, असे उत्तर देऊन त्याने वेळ मारून नेली. खाली नाताळ १८९८ अशी अक्षरे आहेत. पण चित्र आहे ते सत्तेचे. हाताने केलेल्या कार्डावर हौसेने लावावे असे तिकीट ते नव्हतेच.

अशा तिकिटाशेजारी दुसरा एक कागद येऊन बसला, आणि तो आणला एका साध्या पोस्टातल्या कारकुनाने. त्याचे नाव आइनार होल्बोल. राहणार डेन्मार्कचा. १९०३ च्या नाताळात तो पत्रांच्या राशी निवडीत बसला होता. पत्रांमागून पत्रे हाताखालून जात होती आणि प्रत्येकावर तिकीट. त्याच्या मनात आले, या प्रत्येक पाकिटावर आणखी एक, अगदी स्वस्तातले, चित्र असते तर? ते टपालासाठी नव्हे, ज्याने त्याने आपखुशीने घ्यावे. आणि त्याचे पैसे आजारी मुलांसाठी जावेत.

त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूचेच दुसरे नाव होते. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला होता, पण औषध कोणाजवळच नव्हते. ते मिळायला अजून चाळीस वर्षे लागायची होती. स्वच्छ हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार. आणि हा उपचार गरिबाला कोठून परवडणार? आपल्याकडे मिरजेजवळ डॉक्टर वॉनलेस यांच्या नावाने जे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले, तशी धामे उभारायची तर पैसा हवा. होल्बोलने त्यासाठी श्रीमंतांच्या दारी झोळी नेली नाही. त्याने मागितले ते दोन ओर, म्हणजे तिथले अगदी किरकोळ नाणे. पण मागितले सगळ्या देशाकडे.

राजा नववा ख्रिश्चन याला ही कल्पना पसंत पडली. १९०४ साली पहिले नाताळचे सील निघाले आणि त्यावर राजाच्या दिवंगत राणीचे, लुईजचे, चित्र छापले गेले. त्या पहिल्याच नाताळात चाळीस लाखांहून अधिक सीले खपली. त्या वेळी डेन्मार्कची सारी लोकवस्ती पंचवीस लाखांच्या आसपास होती! थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपली. पण तिचा प्रत्यय त्या थंड देशातल्या पोस्टात आला. त्या पैशातून पुढे कोल्डिंग या गावी मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

डेन्मार्कहून आलेल्या एका पत्रावरचे असे सील अमेरिकेतल्या जेकब रीस या पत्रकाराच्या हाती पडले. रीस जन्माने डेन. न्यूयॉर्कच्या गलिच्छ चाळींतले दारिद्र्य त्याने लेखांतून आणि छायाचित्रांतून जगापुढे मांडले होते. आणि क्षय काय करतो हे त्याने आपल्या घरात पाहिले होते. त्याने १९०७ साली या सीलावर लेख लिहिला. तो डेलावेअर संस्थानातील एमिली बिसेल या बाईंनी वाचला. त्यांचे एक डॉक्टर नातलग ब्रँडीवाइन नदीकाठी एका खोपटात काही क्षयरोग्यांवर उपचार करीत होते, आणि तीनशे डॉलर मिळाले नाहीत तर ते खोपटे बंद पडणार होते. बाईंनी ओळखीच्यांकडून चाळीस डॉलर उसने घेतले, पन्नास हजार सीले छापली आणि डिसेंबरात विल्मिंग्टनच्या पोस्टात एका सेंटाला एक अशी विकायला मांडली.

सुरुवातीला विक्री बेताचीच होती. मग फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने हे काम उचलून धरले. त्या कचेरीतली एक हकीकत सांगतात. वर्तमानपत्रे विकणारा एक फाटक्या कपड्यांचा पोरगा आत आला, उंच मेजाशी टाचा उंचावून उभा राहिला आणि एक सेंट पुढे करून एक सील मागू लागला. आपल्या बहिणीला हाच आजार आहे, एवढेच कारण त्याने सांगितले. तीनशे डॉलरांची गरज होती. त्याच्या सुमारे दहापट रक्कम गोळा झाली.

इथे हॉर्सलीच्या कार्डावरच्या त्या दोन दुर्लक्षित चित्रांची आठवण होते. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र. कार्डाच्या कडेला नुसते चित्र म्हणून राहिलेले दान साठ वर्षांनी पाकिटावर खरे झाले. तिकीट सक्तीचे होते. त्याशेजारचे सील हे ज्याचे त्याने निवडलेले. पत्र लिहिणाऱ्याची ही पहिली खरी निवड, असे मला वाटते. पत्र घेणाऱ्याला शुभेच्छा मिळत, आणि ज्याला पत्र पाठवणारा कधी पाहणारही नव्हता त्या कोण्या मुलाला दूध मिळे.

आपल्याकडेही १९५० साली गांधीजयंतीच्या दिवशी टीबी सीलची मोहीम सुरू झाली. एखाद्या महिन्यात शाळेत त्या सीलांचे तक्ते येत, वर्गशिक्षक ते वाटीत आणि मुले खाऊच्या पैशातून एकेक सील घेऊन वहीच्या पुठ्ठ्यावर डकवीत, हे अनेकांना आठवत असेल. त्या सीलाचे मूळ एका डॅनिश कारकुनाच्या नाताळच्या पाळीत आहे हे मात्र त्या वेळी कोणी सांगितले नाही. आज क्षयावर औषधे आहेत. तरीही जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. तेव्हा ती गोष्ट जुनी झाली असे म्हणवत नाही.

सीलाच्या संगतीने पुढे खुद्द तिकिटाचाही स्वभाव पालटला. १९३७ साली ऑस्ट्रियाने नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छांसाठी गुलाबाचे चित्र असलेली तिकिटे काढली. १९४३ साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, हंगेरीने येशूजन्माची तिकिटे काढली. १९५७ साली ऑस्ट्रेलियाने, १९६२ साली अमेरिकेने तोच मार्ग धरला. अमेरिकेच्या पहिल्या नाताळ तिकिटावर हिरव्या पानांचा गोल हार आणि मेणबत्त्या एवढेच होते. खात्याने पस्तीस कोटी तिकिटे छापली. ती हां हां म्हणता संपली आणि छापखान्याला रात्रंदिवस काम करावे लागले. पण लगेच वादही उठला. ज्या राज्याचा कोणताही अधिकृत धर्म नाही त्याने एका धर्माच्या सणाचे तिकीट काढावे काय? पुढे १९६६ साली मरियमचे चित्र आले, तेव्हा वाद आणखी वाढला. वाटाघाटींतून तोडगा असा निघाला की, तिकिटे दोन्ही प्रकारची काढावीत, धार्मिक चित्राची आणि नुसत्या सणाच्या आनंदाची. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून तिकीट निवडणे सुरू झाले ते असे.

आणि आता या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग. ज्या देशात तिकीट जन्मले त्या इंग्लंडात नाताळचे खास तिकीट यायला १९६६ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे राजाराणीच्या चेहऱ्यापुढे दुसऱ्या चित्राला सहसा जागा मिळत नसे. त्या वर्षी पोस्टमास्टर जनरल टोनी बेन यांनी ठरवले की, नाताळच्या तिकिटाचे चित्र नामवंत चित्रकाराकडून घ्यायचे नाही, मुलांकडून मागवायचे. देशभरातून सुमारे पाच हजार चित्रे आली आणि त्यांतून दोन निवडली गेली. दोन्ही काढणारी मुले अवघी सहा वर्षांची! जेम्स बेरी या मुलाच्या बर्फाच्या बाहुल्याला दीड शिलिंगाच्या तिकिटावर जागा मिळाली. आणि तीन पेन्सांच्या तिकिटावर, म्हणजे जे सर्वांत जास्त घरांत जायचे त्या तिकिटावर, मुकुट घातलेला राजा आला. तो काढला होता तसवीर शेमझा या मुलीने.

तसवीर म्हणजे आपली तसबीरच. ज्या मुलीचे नावच चित्र, तिचे चित्र तिकिटावर यावे! तिचे वडील अन्वर जलाल शेमझा सिमल्याला जन्मले. लाहोरला उर्दू लेखक आणि चित्रकार म्हणून नावारूपाला आले आणि पुढे इंग्लंडात स्थायिक झाले. म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या नाताळ तिकिटांपैकी एकाचे चित्र ज्या मुलीने काढले, तिचे पितृकुल आपल्या या उपखंडातले आणि धर्माने मुसलमान. १८९८ च्या तिकिटावर साम्राज्याने आपला मुलूख तांबड्या शाईने रंगवला होता. अडुसष्ट वर्षांनी त्याच मुलुखातून आलेल्या घरातल्या पोरीने आपल्या रंगपेटीतून साम्राज्याच्या राजधानीला एक राजा काढून दिला. राणीचा चेहरा त्या तिकिटावर होता, नाही असे नाही. पण तो बाजूला लहानसा, सोनेरी. मध्यभागी होते ते मुलीच्या हातचे वेडेवाकडे चित्र. काही लोक रागावले; नाताळच्या तिकिटावर येशू नाही म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या वर्षी म्युरिलोसारख्या जुन्या चित्रकारांची मरियम आणि मेंढपाळांची चित्रे तिकिटांवर आली आणि त्यांचेही समाधान झाले.

हाताने कार्ड करणाऱ्याला या तिकिटाइतके शोभणारे तिकीट दुसरे कोणते? पाकिटात हाताने केलेली वस्तू आणि पाकिटावरही लहान हाताने केलेले चित्र. अशी कार्डे करणारी माणसे आजही तिकीट निवडताना बारकाईने पाहतात. घरी केलेले कार्ड जाड आणि जड असते, म्हणून ते आधी तोलून घ्यावे लागते. नाही तर घेणाऱ्याला भुर्दंड बसायचा आणि रोलंड हिलांच्या आईची धास्ती पुन्हा दारात यायची. एकच मोठे तिकीट लावण्याऐवजी कुणी दोनतीन छोटी, रंगाला रंग जुळणारी तिकिटे लावतात. अमेरिकेत तर कुणी हौशी आपली पाकिटे मुद्दाम बेथलेहेम नावाच्या गावी पाठवून तिथला शिक्का मारून घेतात. आपल्याकडेही २००८ साली टपालखात्याने नाताळची तिकिटे काढली होती.

एवढे झाले, आणि आता एक बातमी. ज्या डेन्मार्कच्या कारकुनाने पत्रांच्या राशी पाहून सीलाची कल्पना काढली, त्या डेन्मार्कात आता त्या राशीच उरल्या नाहीत. तिथली सरकारी टपालव्यवस्था राजा चौथा ख्रिश्चन याच्या आज्ञेने १६२४ साली, नाताळच्या आदल्या दिवशी सुरू झाली होती. चारशे एक वर्षांनी, ३० डिसेंबर २०२५ रोजी, तिने घरोघर पत्रे वाटणे कायमचे थांबवले. पंचवीस वर्षांत पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. रस्त्यांवरच्या तांबड्या टपालपेट्या काढून टाकण्यात आल्या. आता तिथे पत्र पाठवायचे तर दुसऱ्या एका खाजगी कंपनीकडे जावे लागते.

मात्र नाताळचे सील तिथे अजून निघते. टपाल थांबले तरी त्याशेजारचा तो आपखुशीचा कागद थांबला नाही. त्याच्या पैशातून चालणाऱ्या घरांत आता क्षयाची मुले नसतात. एकटी पडलेली, शाळेत इतर मुलांनी छळलेली, मनाने खचलेली मुले तिथे काही आठवडे राहतात आणि सावरून परत जातात. रोग बदलला, औषध तेच राहिले : कुणीतरी आपली आठवण ठेवली आहे, ही जाणीव.

सरकारने सक्तीने लावायला सांगितलेले तिकीट काळाबरोबर जाईल असे दिसते. राहील ते माणसाने आपणहून निवडलेले. या दिवाळीत घरात एखादे मूल पणतीचे चित्र काढून शुभेच्छापत्र करीत बसले असेल, तर त्याला पोस्टात अवश्य घेऊन जावे, आणि खिडकीशी उभे करून विचारावे, यावर कोणते तिकीट लावू या? त्याला वेळ लागेल. मागची माणसे कदाचित कुरकुर करतील. करू द्यावी.